समोर बसवून काढलेला चेहरा

श्री

चिखली,
ता. २१ नोव्हेंबर १९३७

ती. आबांचे चरणी बालके शालूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल. दिवाळीत तुम्हाला खाटेवर पडलेलं पाहून आले तेव्हापासून घास गोड लागत नाही. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर चढायला घरात गडी नव्हते का, हे मी तिथे विचारलं नाही, आता विचारते. गोफण फिरवता फिरवता माणूस स्वतःच खाली येतो हे वरवट बकालच्या पाखरांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. पाय मोडल्याचं तुम्हाला दुःख नाही, तुमच्या माळ्यावर आता दुसरा कोणी चढतो याचं आहे, हेही मला ठाऊक आहे.

दुसरं असं की खाटेजवळच्या भिंतीवर कोळशाने ओढलेला बैल मी पाहिला. तुम्ही म्हणालात की तो पोराटोरांनी काढला. आपल्या घरात आता पोरंटोरं आहेत कुठे? बैलाचं वशिंड बरोबर जागी होतं आणि एक शिंग जरा खाली वळलेलं होतं, ते आपल्या ढवळ्याचं आहे. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

तुमचे जावई इथल्या शाळेत चित्रकला शिकवतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्याकडून रंगाची एक पेटी, दोन ब्रश, शिसपेन आणि जाड कागद घेऊन पार्सलने पाठवत आहे. आधी शिसपेनीने हलकं काढावं, मग रंग. पाणी जास्त घेऊ नये, कागद फुगतो. पहिलं चित्र वाईटच येतं, दुसरंही येतं. ह्यांचं म्हणणं असं की ज्याला आपलं पहिलं चित्र आवडलं तो पुढे शिकत नाही. खाटेवर पडून गड्यांना शिव्या देण्यापेक्षा हे बरं. एक तरी चित्र मला पाठवा.

प्रकृतीस जपावे. मला विसरू नये, आणि मी सांगितलेलंही विसरू नये.

आपली आज्ञाधारक,
शालू


वरवट बकाल,
ता. ६ डिसेंबर १९३७

चि. सौ. शालूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पेटी पोचली. साठीच्या माणसाच्या हाती खेळणं देण्यात जावईबापूंचा हेतू काय तो कळला नाही. मी चितरत बसावं आणि इंद्रभानने शेताचा कारभार हाती घ्यावा, असा तुम्हा बहीणभावांचा बेत असेल तर आधीच सांगून टाक. तसं नसेल तर पेटी चांगली आहे.

तुझी गोजरमावशी संग्रामपूरहून माझ्या दुखण्याला आली आहे. तिचे दीर उकंडराव नको म्हणत होते, पण ती आली. भाकरी तिच्या हातची तुझ्या मायसारखीच होते, फक्त मीठ जरा जास्त. मी काढलेला बैल तिला दाखवला. ती म्हणाली की हा बैल हाय का बकरी, मले तं समजूनच नाही राह्यलं. तेव्हा चित्र पाठवत नाही. बकरी पाहायची असेल तर चिखलीच्या बाजारात पुष्कळ आहेत.

ढवळ्याची शिंगं डोळ्यापुढे असतात तोवर बरोबर असतात, कागदावर आली की बिघडतात. असं का होतं ते जावईबापूंना विचारून कळवणे. घाई नाही. पण लवकर कळवणे.

सर्वांस आशीर्वाद. मुलीने बापावर माया करावी, टिंगल कमी करावी.

पुंजाजी


श्री

चिखली,
ता. १५ डिसेंबर १९३७

ती. आबांचे चरणी शालूचा सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून आम्ही दोघंही हसलो. जावयावर संशय घेता, पण प्रश्न त्यांनाच विचारता. शेताचा कारभार दादाच्या हाती जायचा असेल तर आधी त्याला बुलढाण्याची कचेरी सोडावी लागेल. तो कचेरी सोडेल असं मला दिसत नाही, तेव्हा निश्चिंत असावे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यांनी असं दिलं की आठवणीतून काढू नका. आठवण लबाड असते. आपल्याला वाटतं सगळं लक्षात आहे, पण कागदावर उतरवायला गेलो की कळतं, आपल्या लक्षात एवढंच होतं की बैल पांढरा आहे. जे काढायचं ते समोर ठेवावं आणि कागदापेक्षा समोर जास्त पाहावं. बैल काढायचा तर खाट दावणीसमोर टाकून घ्या. तांब्या काढायचा तर तांब्या पुढे ठेवा. माणूस काढायचा झाला तर माणूस बसवा, मग तो कितीही कुरकुरो. एकच वस्तू पुन्हा पुन्हा काढलेली चांगली. हात बसायला वेळ लागतो, पण तुमचा बसेल, ह्यांची खात्री आहे. माझी तर होतीच.

गोजरमावशी आली हे फार बरं झालं. तिला सांगा की बकरी म्हणाली ते ठीक, पण पुढच्या चित्राला निदान बैलाचं नाव द्यावं.

तुमची माया आहे तोवर मी टिंगल करणारच.

शालू


बुलढाणा,
ता. २० जानेवारी १९३८

चि. सौ. शालूस इंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू एकटीनेच वाचावे, तुझ्या यजमानांना, वामनरावांना, तूर्त दाखवू नये.

संक्रांतीला घरी जाऊन आलो. आगाऊ कळवलं नव्हतं. अंगणात पाऊल टाकलं तो आबा ओट्यावर खाटेवर बसलेले, मांडीवर पाट, पाटावर कागद. समोर खांबाला टेकून गोजरमावशी. तिचा पदर कानामागे सारलेला होता आणि आबा तिला सांगत होते की जराशी इकडं वळ, आजून जराशी, आता हालू नको. मी खाकरलो. मावशीने पदर ओढला आणि आत गेली. आबांनी कागद उचलून गोधडीखाली सारला आणि मला विचारलं की काऊन आला, काही काम होतं का. सणाला मुलगा घरी येतो त्याला असं विचारतात का?

मी कचेरीत रोज माणसं पाहतो. सांगणाऱ्याने काय सांगितलं यापेक्षा काय लपवलं ते मी आधी बघतो. आबांचा पाय बरा आहे. काठी टेकत शेताच्या धुऱ्यापर्यंत जाऊन येतात. मग मावशी अजून तिथे का? तिच्या दिराकडचं घर तिला आहे. शेजारच्या आशाबाईने मला आडून गाठून सांगितलं की आता मावशीले माय म्हनाची सवय करा. मी तिला दटावलं, पण ती हसून गेली.

माय जाऊन तीन वर्षं झाली. आपल्यात विधवेचा पाट लावायची रीत आहे, हे मी तुला सांगायला नको. मावशी विधवा, आबा विधुर, आणि बहिणीच्या जागी बहीण येण्यात लोकांना काही गैर वाटत नाही. मला वाटतं. मायच्या हातची ती चूल, तिचं ते देवघर. तिच्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं मला पाहवणार नाही.

आणि हे सगळं त्या रंगाच्या पेटीपासून सुरू झालं, जी तू पाठवलीस. दोष देत नाही, फक्त लक्षात आणून देतो.

तुझ्या प्रकृतीस जप. बहिणीने भावाचा शब्द हलका घेऊ नये, एवढंच मागणं.

इंद्रभान


श्री

चिखली,
ता. ३० जानेवारी १९३८

ती. दादास शालूचा नमस्कार वि. वि.

कचेरीत बसून बसून तुला समोर येणारा प्रत्येक माणूस आरोपी दिसायला लागला आहे. आबांसमोर मावशी बसली होती कारण मीच त्यांना लिहिलं होतं की माणूस काढायचा तर माणूस बसवा. घरात दुसरं माणूस आहे कोण? तू तर खाकरून अंगणात येतोस, तुला कुठे बसवणार? आणि कागद लपवायचं म्हणशील तर आबा बैलसुद्धा लपवत होते. मोठ्या माणसाला आपलं कच्चं काम मुलाला दाखवायची लाज वाटते.

मायच्या शेवटच्या दुखण्यात उशापायथ्याशी कोण होतं ते आठव. तू रजा मिळत नाही म्हणून दोनदा येऊन गेलास. मी पहिल्या बाळंतपणात अडकले होते. मावशी होती. तिच्याबद्दल आशाबाईचं तोंड उसनं घेऊन बोलू नकोस.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण तुझ्याजवळ खोटं कशाला बोलू? आबांचं मागच्या आठवड्यात पत्र आलं होतं. त्यात त्यांनी विचारलं की गव्हाळ कातडीचा रंग कोणत्या दोन रंगांतून होतो, आणि बाईमाणसाचं नाक बाजूने काढताना नथ कुठून सुरू करावी. तेव्हा मी हसून ह्यांच्याकडून उत्तर लिहून घेतलं आणि पाठवलं. तुझं पत्र आल्यावर आबांचं पत्र पुन्हा काढून वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. मावशी नथ घालत नाही. मग ही नथ कोणाची?

आणि मी तीनदा मागूनही त्यांनी मला एकही चित्र पाठवलेलं नाही.

मला मावशी हवी आहे, दादा. पण मावशी म्हणून. मी माहेरी जाते ती अजूनही मायच्या घरी जाते असं मनात धरून जाते. तिथे दुसऱ्या कोणाला माय म्हणावं लागलं तर माझं माहेर कुठे राहिलं? तू म्हणतोस ते खोटं असावं, असं मी रोज देवाला सांगते आहे. तू जरा कमी पाहत जा.

तुझा लोभ आहे, तो असाच असावा, फक्त संशयासकट नको.

शालू


बुलढाणा,
ता. २३ मार्च १९३८

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

होळीला पुन्हा घरी गेलो होतो. तू कमी पाहा म्हणालीस, पण जे समोर येतं त्याला मी काय करू? सोबतचा कागद पाहा. आबांनी बिघडला म्हणून चुरगळून न्हाणीच्या चुलीजवळ टाकला होता, मी उचलून सरळ केला. एकंदर असे पुष्कळ कागद त्या चुलीत गेले असावेत. चेहरा कोणाचा ते सांगायची गरज नाही. नाकात नथ आहे. कपाळावर कुंकू आहे. विधवा बाईचं चित्र काढून माणूस तिच्या कपाळावर कुंकू रंगवतो, त्याचा अर्थ मी तुला काय समजावणार?

याहून वाईट पुढे आहे. वेशीजवळ मोतीराम सोनार भेटला. तो मला म्हणाला की तुमच्या आबानं तुमच्या मायचा, रुखमाबाईचा चांदीचा टाक घडवाले देला हाय, अन् तोंड कसं पाह्यजे त्याचा कागद देणार हाय. बिजवर माणूस पाट लावतो तेव्हा दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात, मेलेलीने जिवंतीला छळू नये म्हणून. ही रीत तुला ठाऊक आहे. टाक देवघरासाठी असता तर वर्षश्राद्धालाच बसला असता. मी तेव्हा दोनदा आठवण केली होती आणि आबा म्हणाले होते की पाहू. तीन वर्षं जे सुचलं नाही ते मावशी घरात आल्यावर सुचलं.

मी आबांना तोंडावर विचारलं नाही. बापाला असलं विचारवत नाही. मात्र संग्रामपूरला उकंडरावांना पत्र घालून मावशीला परत न्यायला सांगावं, असं मनात आहे. वडीलधाऱ्या दिराने नेलं तर कोणाला बोलायला जागा नाही. तुझी संमती असेल तर लिहितो, नसेल तर तसं स्पष्ट कळवावे. एकट्याच्या जबाबदारीवर मी हे करणार नाही.

उत्तराची वाट पाहतो.

इंद्रभान


श्री

चिखली,
ता. २९ मार्च १९३८

ती. दादास नमस्कार.

कागद पाहिला. नाक मावशीचं, ओठ मावशीचे, मान जरा वाकडी धरण्याची लकबही तिचीच. आबांचा हात किती सुधारला आहे तेही दिसलं आणि मला तेच जास्त झोंबलं. माणूस एवढं निरखून कोणाला पाहतो? ह्यांना कागद दाखवला तेव्हा ते चित्रावरच खूश झाले. म्हणाले की गालावरची सावली शाळेतल्या कोणत्याही मुलाला जमली नसती, आबांना आणखी कागद पाठव. मी म्हटलं, कागद संपले आहेत. खरं तर कपाटात गठ्ठा पडला आहे.

आबांना मी आता पत्र लिहीत नाही. काय लिहू? रंग कसे चालले आहेत म्हणून विचारू?

उकंडरावांना लिही. पण मावशीला बोल लागेल असं एक अक्षर घालू नको. पाय बरा झाला, आता तिला घेऊन जा, एवढंच लिही. चित्राचं लिहू नको.

शालू


वरवट बकाल,
ता. ९ मे १९३८

चि. सौ. शालूस आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावर इंद्रभानकडे पाठवणे. दोघांना दोन वेळा लिहिण्याइतकं बळ नाही.

लिहायला उशीर केला, कारण रागात लिहू नये एवढी अक्कल अजून शाबूत आहे.

इंद्रभानचं पत्र घेऊन उकंडराव बैलगाडी जुंपून आले. ते घरात आले नाहीत. चावडीसमोर गाडी उभी केली आणि मास्तरांकडून पत्र चार लोकांत वाचून घेतलं. त्यात चित्राचं होतं, कुंकवाचं होतं, टाकाचं होतं आणि शालूलाही हे मान्य आहे असं होतं. गोजर पाणी घेऊन येत होती, तिने ते उभ्याने ऐकलं. तिने घागर आत आणून ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. मला काही बोलली नाही.

संग्रामपूरला तिला कोणी चुलीला हात लावू दिला नाही. देवाचं पाणी भरू दिलं नाही. थोड्या दिवसांनी उकंडरावांनी तीच गाडी जुंपून तिला आपल्या वेशीत आणून उतरवलं आणि सांगितलं की ज्यानं कुकू रंगवलं त्याच्याच घरी राय आता. ती मारुतीच्या पारावर गाठोडं घेऊन बसून होती. मी काठी टेकत गेलो आणि तिला घरी आणलं. सारं गाव पाहत होतं, पाहू दिलं.

आता तुम्हाला जे विचारायचं होतं आणि विचारलं नाही, ते सांगतो.

पाय मोडून पडलो असताना एकदा तुमच्या मायचा चेहरा डोळ्यापुढे आणायला गेलो, तर तो आला नाही. नथ आली. लुगड्याचा काठ आला. पाटल्यांचा आवाज आला, खोकला आला. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. मी फार घाबरलो. तिचा फोटो आपण कधी काढला नाही. चाळीस वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचं तोंड आठवत नाही, हे कोणाला सांगणार? पोरांना तर मुळीच सांगता येईना. भिंतीवर मी बैल काढून पाहिला तो एवढ्यासाठी की बैल जमला तर पुढे तीही जमेल.

मग तू लिहिलंस की आठवणीतून काढू नका, समोर ठेवा. तुझ्या मायला समोर कुठून आणू? तिच्या पाठची बहीण घरात होती. गोजरेला सांगितलं तर आधी ती रागावली. मग कशासाठी ते सांगितल्यावर पदराने डोळे पुसून बसली. ती बसायची आणि कुठे चुकलं ते सांगायची. म्हणायची की आक्काचं कपाळ याच्याहून रुंद होतं, आक्का हसली का डाव्या गालाले खळी पडे, माह्यासारखी हनुवटी काढू नका, तिची गोल होती. मी तिच्याकडे पाहून काढायचो आणि ती सांगेल ते बदलायचो. कुंकू तुझ्या मायचं आहे, ती कुंकू घेऊन गेली. नथही तिचीच.

टाकाचं असं. देवघरात तुमच्या आजीचा टाक आहे, पणजीचा आहे, त्यांच्याआधीच्याही आहेत. सगळ्या एका साच्यातल्या. कोणती कोण ते मला सांगता येत नाही. तुझी माय त्या रांगेत जाऊन हरवू नये म्हणून वर्षश्राद्धाला मी पाहू म्हणालो. तिच्या स्वतःच्या तोंडाचा टाक व्हावा, एवढंच मनात होतं.

दोघांनी तो कागद पाहिलात. दोघंही तिच्या पोटचे. तुम्हाला त्यात गोजर दिसली. मी समजत होतो की मी एकटाच तिला विसरलो.

पुढची हकीकत थोडी आहे. गोजरेला आता दुसरं घर नव्हतं आणि माझ्या घरात नुसतं राहायला तिचं नाव तुम्ही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी तिला पाटाचं विचारलं. तिने मला विचारलं की पोराईनं हे लिहिलं नसतं त तुमी मले विचारलं असतं का. मी खरं सांगितलं की नसतं विचारलं, मनातही आलं नसतं. ती म्हणाली की मंग हे पोराईनंच जमवलं म्हना. पंचांनी रीतीप्रमाणे पाट लावून दिला. मोतीरामने टाक आणला तेव्हा तो गळ्यात घालायला तिने साफ नकार दिला. म्हणाली की माही बहीण माही सवत कवा झाली, तिले देव्हाऱ्यात बसवा. अखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, बसवला. चित्र पुरं झालं नव्हतं, म्हणून टाकही बाकीच्यांसारखाच झाला.

रंगाची पेटी परत पाठवत आहे. मी पुन्हा काढून पाहिलं. पण आता गोजर समोर बसली की गोजरच दिसते. तिच्यातून तुझी माय काढता येत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं.

पुंजाजी


श्री

चिखली,
ता. १८ मे १९३८

ती. सौ. गोजरमावशीचे चरणी शालूचा सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र आबांनी तुला वाचून दाखवायचं आहे, तेव्हा तेही ऐकतीलच. सौ. लिहिलं आहे ते विचार करून लिहिलं आहे. पाटाच्या बाईला सौ. लिहीत नाहीत असं कोणी म्हणालं तर त्याला चिखलीला माझ्याकडे पाठवून द्या.

आबांचं पत्र दादाकडे पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. चित्राचं लिहू नको असं मी त्याला बजावलं होतं, पण लिही असंही मीच म्हटलं होतं, तेव्हा त्याच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही. आम्ही तुला घराबाहेर काढायला गेलो आणि चावडीवर उभं केलं. मावशी, मला फार लाज वाटते. तू घागर आत ठेवून गाडीत बसलीस, ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नाही. तू चार शब्द बोलली असतीस तरी मला बरं वाटलं असतं.

आबा, पेटी परत पाठवते आहे. ह्यांनी त्यात नवा ब्रश घातला आहे आणि कागदांचा गठ्ठाही देत आहे. तो कपाटातच होता. तुमचा हात बसला आहे, तो आता मोडू नका. माय दिसत नाही तर जी दिसते तिला काढा. ती तुमच्यासमोर इतके दिवस बसली आणि तिचं स्वतःचं चित्र कोणी काढलंच नाही.

मावशी, मी पुढच्या पंधरवड्यात येते. दादाने उचलून आणलेला तो कागद माझ्याजवळ आहे, तो घेऊन येते. आबांचं पत्र आल्यापासून मी तो रोज काढते, उजेडात धरते, लांबून पाहते. आता सगळं कळलं आहे, आता तरी माय दिसेल असं वाटतं. अजून मला त्यात तूच दिसतेस. कपाळ रुंद की अरुंद ते मला ठरवता येत नाही. मायच्या गालाला खळी होती हे मला आबांच्या पत्रातून कळलं. मी तिच्या मांडीवर वाढले आणि मला ते माहीत नव्हतं.

हे सांगू शकेल असं जगात आता तुझ्याशिवाय कोणी नाही. तू माझ्याजवळ बस आणि कागदावर बोट ठेवून दाखव, हे तुझं आणि हे तिचं. मी घाई करणार नाही. तू दाखवशील ते मी नीट पाहीन.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. मला वेशीत घ्यायला कोणी येऊ नये, मी घर ओळखते.

तुझी,
शालू